छावणीतून आलेला वाद्यवृंद

बल्गेरियातल्या पहिल्या पाश्चात्त्य धाटणीच्या वाद्यवृंदाचं श्रेय कुणाला द्यायचंच झालं, तर ते एका हरलेल्या क्रांतीला द्यावं लागेल. तीही बल्गेरियाची नव्हे, हंगेरीची. १८४९ साली ऑस्ट्रिया आणि रशिया यांनी मिळून हंगेरीतला उठाव चिरडला. लायोश कोशुत आणि त्याचे हजारो साथीदार डॅन्यूब ओलांडून ऑटोमन सुलतानाच्या आश्रयाला आले. सुलतानाने त्यांना आधी विदिनला आणि मग शुमेन या तटबंदीच्या गावी ठेवलं. पुढच्याच वर्षी कोशुतची रवानगी अनातोलियात झाली, बाकीचे पांगले. पण मिहाय शाफ्रान नावाचा एक वादक शुमेनमध्येच राहिला आणि १८५१ साली त्याने गावातल्या बल्गेरियन पोरांना हाताशी धरून एक वाद्यवृंद उभा केला. ज्या गावात तोवर लग्नाला गायदा, म्हणजे कातडी पिशवीची मशकबीन, आणि ढोल वाजायचा, तिथे पोल्का आणि वॉल्ट्झ ऐकू येऊ लागले.

शाफ्राननंतर ही परंपरा पुढे नेली ती दोब्री वोयनिकोव या शाळामास्तराने. बल्गेरियन नाटकाच्या इतिहासात त्याचं नाव मोठं आहे. पाश्चात्त्यांचं आंधळं अनुकरण करणाऱ्यांची टर उडवणारं त्याचं प्रहसन आजही रंगभूमीवर येतं. गंमत अशी, की हाच माणूस शुमेनच्या पोरांना पाश्चात्त्य वाद्यं शिकवत होता. एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांच्या अंगात अशी दोन माणसं एकत्र नांदतच असतात.

रशिया-तुर्कस्तान युद्धानंतर १८७८ साली बल्गेरियाला स्वतःचं राज्य मिळालं. राज्य आलं म्हणजे सैन्य आलं आणि सैन्य आलं म्हणजे बँड आला. बँड शिकवायला मास्तर मात्र घरचे नव्हते. ते आले बोहेमियातून. चेक लोक स्लाव्ह, भाषा जवळची आणि ऑस्ट्रियन साम्राज्यातल्या लष्करी बँडांमध्ये तयार झालेले. त्या काळात चेकांनी बल्गेरियात काय केलं नाही? इतिहासकार कॉन्स्टांटिन यिरेचेक तर थेट शिक्षणमंत्रीच झाला. त्याच्या मानाने बँडमास्तर साधी माणसं, पण पलटणीपलटणीतून त्यांनी जे पेरलं ते जास्त दिवस टिकलं. १९०० साली कझानलिक गावी ज्याच्या ‘सिरोमाहकिन्या’ या बल्गेरियातल्या पहिल्या ऑपेराचा प्रयोग झाला, तो एमानुइल मानोलोवही लष्करी बँडमास्तरच होता.

इथे एक अडचण होती आणि पुढची पन्नास वर्षं या देशाच्या संगीताला ती सतावत राहिली. शेतकऱ्याच्या विशीतल्या पोराला पलटणीत घेऊन वर्ष-दोन वर्षांत ट्रम्पेट किंवा क्लॅरिनेटवर कूच वाजवण्याइतकं तयार करता येतं. व्हायोलिनचं तसं नाही. गज धरणारा हात सात-आठ वर्षांचा असतानाच घडवावा लागतो. विशीत सुरुवात केली तर सूर लागेलही, पण वाद्य वश होणार नाही. सिंफनी वाद्यवृंदात तर निम्म्याहून जास्त माणसं तारवाद्यांवर बसलेली असतात. म्हणजे बल्गेरियाकडे पितळ होतं, तार नव्हती. ती तयार करायची तर एक अख्खी पिढी शाळेपासून व्हायोलिनवर वाढायला हवी होती. बेथोवनच्या सिंफनीला सरकारी हुकूम पुरत नाही.

ती पिढी आली, आणि तिच्यातली तीन महत्त्वाची माणसं एकाच वर्षी, १८९९ साली जन्मली. एक साशा पोपोव, रुसेचा. दुसरे दोन जुळे भाऊ: पांचो आणि ल्युबेन व्लादिगेरोव.

रुसे हे डॅन्यूबवरचं बंदर. आजच्या बल्गेरियातली पहिली रेल्वे १८६६ साली सुरू झाली ती रुसे ते वार्ना. व्हिएन्नाला जाणाऱ्या आगबोटी इथून सुटत. १९०५ साली याच गावात जन्मलेल्या आणि पुढे नोबेल मिळवलेल्या एलियास कानेटीने आपल्या आठवणींत लिहिलंय, की इथे एका दिवसात सात-आठ भाषा कानावर पडत आणि कुणी वर व्हिएन्नाकडे निघालं, की लोक म्हणत तो युरोपात चाललाय. म्हणजे आपण युरोपात आहोत असं रुसेकर स्वतःच मानत नव्हते! अशा गावात व्हायोलिन ही चैन नव्हती, वरच्या बोटीचं तिकीट होतं. पोपोव व्हायोलिनवादक म्हणून नावारूपाला आला तो या वातावरणातून.

व्लादिगेरोव जुळ्यांची गोष्ट वेगळी. जन्म झुरिकचा, बालपण शुमेनचं, त्याच शाफ्रानच्या शुमेनचं. वडील हारालान बल्गेरियन वकील, आई एलिझा पास्तरनाक रशियातून आलेली ज्यू डॉक्टर, कवी बोरिस पास्तरनाकच्या नात्यातली. वडील लवकर गेले. आईने दोन्ही पोरांना आधी सोफियाला आणि १९१२ साली बर्लिनला नेलं. पांचो पियानो आणि रचना शिकला, ल्युबेन व्हायोलिन. पांचोला संगीतरचनेचं मेंडेलसोन पारितोषिक दोनदा मिळालं. पुढे दहा-बारा वर्षं तो बर्लिनमध्ये माक्स राइनहार्टच्या नाट्यसंस्थेत संगीताचं काम करत होता. १९२२ साली त्याने व्हायोलिन आणि पियानोसाठी ‘वार्दार’ नावाची ऱ्हॅप्सडी लिहिली. वार्दार ही मॅसिडोनियातून वाहणारी नदी. पहिल्या महायुद्धाअखेर तो प्रदेश बल्गेरियाच्या हातून निसटला होता. पराभूत देशाने आपलं दुःख नकाशावर बोलायचं नसतं, तह आडवा येतो. व्हायोलिनवर बोलायला हरकत नव्हती. तिच्यातली मुख्य धून दोब्री ह्रिस्तोव या ज्येष्ठ संगीतकाराच्या एका गाण्याची. बल्गेरियनांनी ऱ्हॅप्सडी अशी उचलून धरली, की ती देशाचं दुसरं राष्ट्रगीतच होऊन बसली.

आता पोपोवकडे वळू. उत्तम व्हायोलिनवादक वाद्य खाली ठेवून हातात छडी का घेतो? हौस हे एक कारण झालं. पण व्हायोलिन आणि संचालन यांचं नातं जुनं आहे. व्हिएन्नात योहान श्ट्राउस हातात व्हायोलिन घेऊन स्वतः वाजवत वाजवत गजानेच वाद्यवृंदाला इशारे द्यायचा. छडी नंतर आली. शिवाय तारवाद्यांचा सगळा विभाग एका श्वासाने वाजायचा, तर कुठल्या स्वराला गज खाली ओढायचा आणि कुठल्या स्वराला वर ढकलायचा हे आधी ठरावं लागतं, आणि स्वरलिपीच्या पानावर त्याच्या खुणा कराव्या लागतात. पियानोवर वाढलेला संचालक हे काम पहिल्या व्हायोलिनवादकावर सोपवतो. व्हायोलिनवादक संचालक ते स्वतः करतो, त्यामागे त्याच्या मनगटाचा अनुभव असतो. ज्या देशात फुंकणारे हात भरपूर आणि गज ओढणारे नवशिके, तिथे असा संचालक मिळणं ही निव्वळ सोय नव्हती, गरज होती.

पोपोवच्या आधी या क्षेत्रातलं मोठं नाव होतं गिओर्गी अतानासोव. प्लोवदिवचा, १८८२चा जन्म. इटलीत ऑपेरा-रचनाकार मास्कान्यीच्या हाताखाली शिकला आणि लोकांनी त्याला ‘माएस्त्रो’ ही पदवीच लावून टाकली. बल्गेरियन ऑपेराला खऱ्या अर्थाने उभं केलं ते त्याने. त्याचा ‘गेर्गाना’ हा ऑपेरा रंगभूमीवर आला १९१७ साली, ऐन युद्धात. पण तोही लष्करी बँडचाच माणूस आणि त्याचं मन रंगमंचात. सिंफनीसाठी, म्हणजे गायक नाही, पडदा नाही, गोष्ट नाही अशा निव्वळ वाद्यसंगीतासाठी, तिकीट काढून येणारा श्रोता सोफियात अजून तयार व्हायचा होता.

काळही तसा नव्हता. १९१९च्या नुईच्या तहाने बल्गेरियाचं सैन्य २०,००० माणसांवर आणून ठेवलं होतं. १९२३ साली पंतप्रधान स्तांबोलिस्की सत्तापालटात मारला गेला. एप्रिल १९२५ मध्ये सोफियातल्या स्वेता नेदेल्या चर्चमध्ये अंत्यविधी चालू असताना कम्युनिस्टांनी घडवलेल्या स्फोटात दीडशेहून अधिक माणसं गेली आणि त्यानंतरच्या धरपकडीत आणखी कितीतरी. अशा शहरात अवघ्या तीन वर्षांनी, १९२८ साली, पोपोवच्या संचालनाखाली ‘अकादमिक सिंफनी वाद्यवृंद’ उभा राहिला. आजची सोफिया फिलहार्मोनिक आपला जन्म याच वर्षापासून मोजते. नावातला ‘अकादमिक’ शब्द उगाच नव्हता. सात वर्षांपूर्वी राजधानीत संगीताची अकादमी निघाली होती आणि लहानपणापासून गज धरलेली माणसं आता कुठे पुरेशा संख्येने मिळू लागली होती.

वाद्यवृंद आला म्हणजे त्याने वाजवायचं काय हा प्रश्न आला. मोझार्ट, बेथोवन, चायकोव्स्की तर वाजवायचेच. पण बल्गेरियन म्हणून काय? इथे या देशाकडे एक ठेवा होता आणि तोच डोकेदुखीही होता. बल्गेरियन लोकनृत्यांचे ताल विषम. रचेनित्सा सात मात्रांचा, २-२-३ असा. पायदुश्को पाचचा, दायचोवो नऊचा, कोपानित्सा अकराचा. आपल्याकडे रूपक तालात सात मात्रा ३-२-२ अशा बसवणाऱ्या श्रोत्याला यात फारसं नवल वाटणार नाही. पण व्हिएन्ना-बर्लिनच्या मुशीत घडलेल्या वादकाला दोन, तीन आणि चारच्या पलीकडे मोजायची सवय नसते. शिवाय रचेनित्सा असा झपाट्याने चालतो, की सात मोजायला उसंतच नाही. संचालकाला तीनच ठोके द्यावे लागतात: आखूड, आखूड, लांब. तो लांब ठोका नेमका किती लांब, यातच सगळी मेख. जरा आखूड पडला तर तिन्ही ठोके सारखे होऊन वॉल्ट्झ होतो, जरा लांबला तर नाचणाऱ्याचा पाय अडखळतो.

या तालांची पहिली पद्धतशीर मांडणी केली दोब्री ह्रिस्तोवने, १९१३ साली. हा ह्रिस्तोव प्रागला ड्वोर्झाकच्या हाताखाली शिकलेला. पुढे हंगेरीच्या बेला बार्टोकने या तालांना ‘बल्गेरियन ताल’ असं नाव देऊन त्यावर भाषणं दिली, आणि आपल्या ‘मिक्रोकॉसमॉस’ या पियानोसंग्रहाच्या शेवटी त्या तालांतली सहा नृत्यं घातली. आज जगभर पियानो शिकणारी मुलं ती वाजवतात. शाफ्रानच्या देशाने वाद्यवृंद दिला आणि बदल्यात ताल नेला, असं म्हणायचा मोह होतो. इतिहास इतका हिशेबी नसतो हे खरं, पण मोह होतो.

१९३४ साली पुन्हा सत्तापालट झाला. वर्षभरात झार बोरिस तिसरा याने सूत्रं आपल्या हाती घेतली. स्वभावाने हा राजा वाद्यसंगीतापेक्षा रेल्वेच्या इंजिनात रमणारा, प्रत्यक्ष इंजिन चालवणारा. तरी १९३६ साली पोपोवच्याच संचालनाखाली ‘झारचा लष्करी सिंफनी वाद्यवृंद’ स्थापन झाला. हे नाव पाहा: झारचा, लष्करी आणि सिंफनी. माझ्या मते बल्गेरियन संगीताचा सगळा इतिहास या तीन शब्दांत आहे. शाळेत, अकादमीत, व्हिएन्ना-बर्लिनला शिकून आलेल्या व्हायोलिनवादकांनाही अखेर बसायला जागा मिळाली ती लष्कराच्याच छत्राखाली. पगाराची शाश्वती दुसरं कोण देणार होतं? तिकिटविक्रीवर शंभरेक वादकांचं पोट भरेल असं शहर त्या काळी बाल्कनमध्ये सापडलं नसतं. तहाने वीस हजारांवर आणलेलं सैन्य गुपचूप वाढू लागलं होतं. त्याच्या तोफांसोबत व्हायोलिनंही वाढली, हे त्यातल्या त्यात बरं झालं.

त्याच वर्षी, १९३६ साली, व्लादिगेरोवचा ऑपेरा ‘झार कालोयान’ सोफियात रंगभूमीवर आला. चार वर्षांपूर्वी तो बर्लिन सोडून मायदेशी परतला होता. नात्झी सत्तेवर यायच्या जेमतेम आधी, ज्यू आईच्या मुलाला वेळेवर सुचलेला निर्णय. १९३७ साली अक्साकोव रस्त्यावर ‘बल्गेरिया’ सभागृह उघडलं आणि सिंफनीला हक्काचं घर मिळालं. राजाश्रयाचं फळ आणखी एका माणसाच्या पदरात पडलं. प्लोवदिवचा कायद्याचा पदवीधर बोरिस ख्रिस्तोव हौसेने एका समूहगानात गायचा. राजाने त्याचा आवाज ऐकला आणि १९४२ साली त्याला शिष्यवृत्तीवर इटलीला धाडलं. विसाव्या शतकातल्या थोर खर्ज गायकांपैकी एक अशा रीतीने वकिलीतून सुटला.

पण १९४२ साली इटलीला जाता येत होतं, कारण बल्गेरिया हिटलरच्या गोटात होता. जानेवारी १९४१ मध्ये ज्यूंवर निर्बंध घालणारा कायदा आला. मार्च १९४३ मध्ये त्यांना छळछावण्यांकडे न्यायची तयारीही झाली. संसदेचा उपसभापती दिमितर पेशेव आणि ऑर्थोडॉक्स चर्चचे धर्मगुरू आडवे आल्यामुळे जुन्या बल्गेरियातले सुमारे ४८,००० ज्यू वाचले. नव्याने ताब्यात घेतलेल्या थ्रेस आणि मॅसिडोनियातले ११,००० हून अधिक मात्र वाचले नाहीत. व्लादिगेरोवकडे पियानो शिकणारा अलेक्सिस वायसेनबर्ग नावाचा मुलगा आईबरोबर तुर्कस्तानात पळून जाताना पकडला गेला. त्याने स्वतःच पुढे लिहिल्याप्रमाणे, त्यांच्याजवळ एक अकॉर्डियन होतं, त्यावर तो शूबर्ट वाजवायचा आणि एका जर्मन पहारेकऱ्याला ते आवडायचं. एके दिवशी त्याच पहारेकऱ्याने मायलेकांना गाडीत बसवून दिलं आणि मागून खिडकीतून अकॉर्डियन आत टाकलं. तो मुलगा पुढे विख्यात संचालक काराजानबरोबर वाजवणारा जगप्रसिद्ध पियानोवादक झाला.

ऑगस्ट १९४३ मध्ये झार अचानक वारला. त्या नोव्हेंबरपासून दोस्तांच्या विमानांनी सोफियावर बॉम्ब टाकायला सुरुवात केली. जानेवारी १९४४च्या हल्ल्यानंतर निम्मं शहर खेड्यापाड्यांत पळालं. मार्चअखेर शहराचा मध्यभाग जळाला. जेमतेम सात वर्षांचं ‘बल्गेरिया’ सभागृहही या हल्ल्यांतून सुटलं नाही. ९ सप्टेंबरला सत्ता कम्युनिस्टांकडे गेली, मागोमाग सोव्हिएत सैन्य आलं आणि दोन वर्षांत राजेशाहीच गेली.

वाद्यवृंदाच्या नावातला ‘झार’ पुसला गेला, ‘लष्करी’ही गेलं. वाद्यवृंद मात्र राहिला आणि पोपोवही राहिला. त्याची गत शिंप्यासारखी झाली: मापं बदलली, गिऱ्हाईक तेच. नव्या राजवटीने जे केलं ते मात्र झारला कधी सुचलं नव्हतं. प्लोवदिव, वार्ना, रुसे, बुर्गास, प्लेवेन अशा गावोगावी सरकारी सिंफनी वाद्यवृंद निघाले. सत्तर-ऐंशी लाख वस्तीच्या देशाला हे ओझंच होतं. पण याच ओझ्यामुळे जिल्ह्याच्या गावातल्या पोराला व्हायोलिन शिकून नोकरी मिळण्याची खात्री वाटू लागली. त्याबद्दल मी त्या राजवटीला पूर्ण गुण देईन. बाकीच्या विषयांत ती नापास.

त्या बाकीच्या विषयांची चव कॉन्स्टांटिन इलिएवला चाखावी लागली. प्रागला वाक्लाव तालिखकडे संचालन आणि आलोइस हाबाकडे आधुनिक रचनातंत्र शिकून आलेला हा तरुण. १९४८ साली मॉस्कोत सोव्हिएत नेता झ्दानोवने संगीतातल्या ‘रूपवादा’वर आसूड ओढला आणि त्याचे वळ सोफियातही उमटले. लोकांना कळणार नाही असं संगीत लिहितो, हा इलिएववरचा आरोप. तरीही १९५६ साली पोपोवच्या वाद्यवृंदाची, म्हणजे सोफिया फिलहार्मोनिकची, सूत्रं त्याच्याकडे आली आणि मधले खंड सोडले तर पुढची जवळपास तीस वर्षं तो तिथे होता. रचनाकार म्हणून ज्याच्याकडे संशयाने बघायचं, त्याच्याच हाती छडी द्यायची, हा त्या व्यवस्थेचा स्वभावच. बेथोवन चालवताना माणूस फारसा बिघडत नाही, असं बहुधा वाटत असावं. इलिएवने त्या बेथोवनच्या आडून विसाव्या शतकातलं बरंच काही बल्गेरियनांना ऐकवलं. पोपोव १९७६ साली गेला.

तोवर या गावोगावच्या पेरणीला पीक आलं होतं. बुर्गासमध्ये १९४८ साली जन्मलेला एमिल चकारोव १९७१ साली बर्लिनला काराजानच्या नावाने होणाऱ्या संचालन स्पर्धेत पारितोषिक घेऊन आला आणि काराजानच्या हाताखाली शिकला. पुढे न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात त्याने छडी धरली. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने सोफियात निवडक वादक एकत्र आणून ‘बोरिस गोदुनोव’, ‘खोवान्श्चिना’, ‘प्रिन्स इगोर’ अशा रशियन ऑपेरांच्या ध्वनिमुद्रणांची मालिकाच केली. निकोलाय ग्यौरोवसारखे बल्गेरियन गायक, बल्गेरियन वाद्यवृंद, बल्गेरियन संचालक. छत्रीशिवाय पावसात उभं राहता येतं हे या देशाच्या संगीताने पहिल्यांदा दाखवलं ते बहुधा इथे. १९९१ साली चकारोव पॅरिसमध्ये वारला, वयाच्या ४३व्या वर्षी.

मधल्या काळात एक घटना घडून गेली होती, ती नोंदवल्याशिवाय राहवत नाही. १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरच्या संगीताची तबकडी अवकाशात गेली. तिच्यात बल्गेरिया आहे. पण सोफियाची फिलहार्मोनिक नाही, ‘वार्दार’ नाही. आहे ती रोदोपी डोंगरातली वाल्या बाल्कान्स्का, तिच्या मागे दोन गायदा आणि एका बंडखोराचं गाणं. सव्वाशे वर्षं चेक, हंगेरियन, जर्मन पद्धतीने वाद्यवृंद घडवल्यावर जगाने आणि विश्वाने उचललं ते नेमकं त्याआधीचं. याचा त्या वाद्यवृंदाला राग यावा असं काही नाही. पण थोडं खुपलं असेल, तर तेही समजण्यासारखं आहे.

नोव्हेंबर १९८९ मध्ये कम्युनिस्ट नेता झिवकोवची राजवट कोसळली आणि सरकारी पगार एकाएकी कवडीमोल झाला. वादकांनी व्हायोलिनच्या पेट्या उचलल्या आणि जर्मनी, स्पेन, पोर्तुगालची वाट धरली. जिथे ऑपेरा आणि फिलहार्मोनिक वेगवेगळ्या होत्या, अशा प्लोवदिवसारख्या शहरांत खर्च वाचवायला दोन्ही एकत्र केल्या गेल्या. २००१ साली तर झार बोरिसचा मुलगा, जो सहा वर्षांचा असताना झार झाला होता आणि नवव्या वर्षी हद्दपार, तोच निवडणूक जिंकून पंतप्रधान झाला. त्यानेही वाद्यवृंद सरकारच्या ताब्यातून काढला नाही. सोफिया फिलहार्मोनिक आजही संस्कृती मंत्रालयाच्याच अखत्यारीत आहे. २०२२च्या ऑगस्टमध्ये देशात काळजीवाहू सरकार आलं, तेव्हा त्या मंत्रालयाचा कारभार सोपवला गेला नायदेन तोदोरोव यांच्याकडे. पेशाने ते वाद्यवृंदाचे संचालक, आणि मंत्री होण्याआधी सोफिया फिलहार्मोनिकचे प्रमुख.